व्हॅनिलाचं लग्न आणि बारा तासांची नोकरी

पहिल्याच आठवड्यात वर्गात मी एका मुलाला इंग्लिशमध्ये विचारलं, तुला सुट्टीत काय करायला आवडतं, तर तो बाकाकडे बघत हळूच म्हणाला, "मी कोने पा." मला क्षणभर खरंच वाटलं की हा मराठीत काहीतरी बोलायला लागलाय. ते क्रिओल होतं, रियुनियन बेटावरची घरातली भाषा. रियुनियनच्या क्रिओलमध्ये 'मी' म्हणजे मीच, आणि कोने पा म्हणजे माहीत नाही. मी सावा म्हणजे मी जाते, मी मांझ म्हणजे मी खाते. आपल्या मराठीशी त्याचा काही संबंध नाही, ते फ्रेंचमधनं घडत घडत आलंय, पण घरापासनं इतक्या लांब, बेट कुठंय हे नकाशावर दाखवायलासुद्धा बोट नीट टेकवावं लागतं अशा ठिकाणी, पोरांच्या तोंडनं दिवसभर 'मी, मी' ऐकू येत होतं आणि मला त्याचा फार आधार वाटला.

मी तिथं ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ असे सात महिने होते, असिस्टंट म्हणून. बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात सांगते. फ्रान्सचं सरकार दरवर्षी वेगवेगळ्या देशांतनं भाषेचे असिस्टंट बोलावतं, भारतातनंही बोलावतं, आठवड्याला बारा तास शाळेत जायचं आणि तिथल्या इंग्लिशच्या शिक्षकांबरोबर पोरांना बोलतं करायचं. धडे, व्याकरण, परीक्षा हे सगळं शिक्षकांचं काम, आपलं काम फक्त बोलणं आणि बोलायला लावणं. फॉर्मवर विभागाची पसंती विचारतात. सगळे पॅरिस, लिऑन वगैरे लिहितात, मी रियुनियन लिहिलं, कारण तिथं ऊस आहे हे मी वाचलं होतं. हे कारण ऐकून पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी हसल्या होत्या, पण मी वाळवा तालुक्यातली, आमच्या घरातला प्रत्येक हिशोब, लग्न, फी, घराचं रंगकाम, सगळं उसाच्या बिलावर ठरत आलंय, त्यामुळं जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी तसंच चाललंय हे मला बघायचंच होतं.

रियुनियन म्हणजे हिंदी महासागरातलं बेट, मॉरिशसच्या शेजारी. पण मॉरिशस स्वतंत्र देश आहे आणि हे अजून फ्रान्स आहे, १९४६ पासून फ्रान्सचा रीतसर जिल्हा, चलन युरो, झेंडा फ्रान्सचा, पॅरिसला जायचं तर विमानात अकरा तास. घड्याळ मात्र आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागं, त्यामुळं आई संध्याकाळी दिवा लावून फोन करायची तेव्हा मी नुकतीच शाळेतनं येऊन भात लावत असायची. मी मुंबईहून मॉरिशस आणि तिथनं छोट्या विमानानं पाऊण तासात सेंत-देनीला उतरले. विमानतळाचं नाव रोलाँ गारोस. टेनिसवाल्या पॅरिसच्या स्पर्धेला ज्याचं नाव आहे तो हाच, तो वैमानिक होता आणि सेंत-देनीतच जन्मला होता, हे मला तिथं उतरेपर्यंत माहीत नव्हतं.

माझी शाळा पूर्वेकडच्या सेंत-आंद्रेला होती, कोलेज, म्हणजे आपल्या सहावी ते नववीच्या वयाची पोरं. विमानतळावरनं गाडी सेंत-आंद्रेकडं निघाली आणि दोन्ही बाजूनं ऊसच ऊस. तोडीचा हंगाम चालू होता, तिकडं साधारण जुलै ते डिसेंबर. रस्त्यात उसानं भरलेल्या प्रचंड मोठ्या जाळीच्या गाड्या, त्यांना तिथं काशालो म्हणतात, म्हणजे देवमासा, आणि खरंच डोंगराएवढा देवमासा रस्त्यावरनं सरकतोय असंच दिसतं. आणि मग खिडकीतनं तो वास आला. उकळणारा रस, मळी, ओलं चिपाड, सगळं मिसळलेला. ज्यांच्या गावाजवळ कारखाना आहे त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल, बाकीच्यांना कितीही सांगितलं तरी नाही कळायचं. तो बुआ-रूज कारखाना. एकेकाळी या बेटावर शंभरावर साखर कारखाने होते, आता दोनच उरलेत, पूर्वेला हा आणि दक्षिणेला गोल. चिपाडावर वीज, मळीपासनं रम, सगळं आपल्यासारखंच. मी गाडीत बसून रडले, चालवणाऱ्या मॅडमना वाटलं मला घराची आठवण येतेय, त्यांनी काही न बोलता गाडीचा वेग कमी केला.

शाळा सकाळी साडेसातला. बसनं जायचं तर थांबा आला की बेल शोधायची नाही, जोरात दोन टाळ्या वाजवायच्या, मग ड्रायव्हर थांबवतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी एका आजीनं माझ्यासाठी टाळ्या वाजवून माझ्याकडं बघून मान हलवली तेव्हा कळलं. दुपारी कॅन्टीनमध्ये रोज भात. भात, त्यावर घेवड्याची नाहीतर मसुराची आमटी, कारी, आणि बाजूला रुगाय म्हणजे टोमॅटो-मिरचीचा ठेचाच. सिलाओसच्या डोंगरात पिकणारी मसूर तर इतकी बारीक आणि चवीची असते की मी परत येताना दोन किलो घेऊन आले. बाजारात गेलं की शेवगा, कारलं, दोडका, पडवळ, फणस, आणि तूरसुद्धा, ओल्या शेंगांची. वांग्याला ब्रँजेल म्हणतात, व्हरांड्याला वारांग, लोणच्याला अशार, आणि गोणीला चक्क गोनी. बाजारातला माणूस बटाट्याच्या पोत्याकडं हात करून गोनी म्हणाला तेव्हा मी त्याला परत एकदा म्हणायला लावलं.

आता मुद्द्याचं, वर्गातलं.

मला आठ-आठ, दहा-दहा पोरांचे गट द्यायचे आणि बाजूच्या खोलीत पाठवायचे. पोरं गोड, पण बोलत नव्हती. काहीही विचारा, खाली मान आणि मी कोने पा. मला आधी वाटलं इंग्लिश अवघड जातंय, मग माझ्या लक्षात आलं की ती फ्रेंचमध्येपण अशीच गप्प असतात. मधल्या सुट्टीत मात्र हीच पोरं अंगणात क्रिओलमध्ये असला दंगा करायची की कान किटायचे. म्हणजे घरात क्रिओल, वर्गात फ्रेंच, आणि त्याच्यावर मी येऊन बसलेली तिसरी भाषा घेऊन. स्टाफरूममध्ये एका शिक्षकांनी मला अगदी आपुलकीनं सांगितलं की वर्गात क्रिओल अजिबात चालू देऊ नकोस, ती धड भाषा नाहीच, तिनं पोरांचं फ्रेंच बिघडतं. ते वाईट माणूस नव्हते, मला घरी जेवायला बोलावणारे होते, पण ते वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं.

कारण मला ते ओळखीचं होतं. मी पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडलं नाही. आमच्याकडं, तिकडं, काय करायलीस, असं बोलणारी मी, आणि आजूबाजूला सगळ्या इकडे-तिकडे म्हणणाऱ्या मुली. एकदा कुणीतरी माझं वाक्य परत म्हणून दाखवलं आणि सगळे हसले, झालं, त्यानंतर सहा महिने मी मराठीतसुद्धा गप्प. पुढं रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकायला लागले तेव्हा मोकळी झाले, कारण तिथं सगळेच चुकत होते, कुणाची फ्रेंच गावाकडची आणि कुणाची पेठेतली असा प्रश्नच नव्हता. त्यामुळं पोराची मान खाली का जाते हे मला पुस्तकात वाचायला लागलं नाही. आणि क्रिओल भाषा नाही म्हणणं चूकच आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, फ्रान्समध्ये क्रिओलचे शिक्षक निवडायला सरकारी परीक्षासुद्धा २००२ पासून होते.

मग मी एक केलं, माझ्या मुख्य शिक्षिकेला विचारूनच केलं. तासाची पहिली दहा मिनिटं पोरांनी मला क्रिओल शिकवायची. मी फळ्यावर लिहायची, चुकीचं बोलायची, मग ती मला दुरुस्त करायची, ओरडून ओरडून, "नॉ मादाम, पा कोम सा!" आणि एकदा का मास्तरकी हातात आली की आवाज फुटतोच ना माणसाला. मग तेच वाक्य मी इंग्लिशमध्ये द्यायचं आणि त्यांनी चुकत चुकत म्हणायचं. कुणी हसायचं नाही हा एकच नियम. कुमान इ ले, म्हणजे कसं चाललंय, त्याला उत्तर ले ला, म्हणजे आहे, चाललंय. हे 'ले ला' इंग्लिशमध्ये कसं म्हणायचं यावर आमचा अख्खा तास गेला आणि त्या तासाला सगळ्यात मागच्या बाकावरचा मुलगा, ज्यानं ऑक्टोबरभर तोंड उघडलं नव्हतं, तो तीन वाक्यं बोलला. मी रात्री आईला फोन करून ती तीनही वाक्यं सांगितली.

पोरांना माझ्याबद्दल दुसरंच कुतूहल होतं. मादाम, तुम्ही मालबार का? तिथं भारतीय वंशाच्या, मुख्यतः तमिळ मुळाच्या लोकांना मालबार म्हणतात, आणि गुजराती मुसलमानांना झाराब. वर्गाच्या हजेरीत एकापाठोपाठ एक आडनावं, रामासामी, पेरुमाल, मूतू, आणि पुढं नावं मात्र लुका, ख्लोए, माथिस. मी तमिळ बोलते असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. मी नाही म्हटल्यावर एक मुलगी जरा हिरमुसलीच, म्हणाली मग माझ्या आडनावाचा अर्थ कोण सांगणार. पेरुमाल म्हणजे विष्णू, इतकं मला माहीत होतं, ते सांगितलं. ती काही बोलली नाही, वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

मग मी एक तास फक्त भारताचा नकाशा काढला, कृष्णा काढली, सांगली काढली, आणि पाँडिचेरी, कारैकल, मद्रास, कलकत्ता. कारण त्यांचे पूर्वज तिथल्याच बंदरांतनं जहाजात बसले. २० डिसेंबर १८४८ ला या बेटावरची गुलामी संपली, साठ हजारांवर माणसं मोकळी झाली, आणि ऊसमालकांना मजूर कमी पडायला लागले, म्हणून भारतातनं पाच-पाच वर्षांच्या करारावर माणसं आणली. बोटीतनं उतरवून आधी ग्रांद-शालुपला क्वारंटाइनमध्ये ठेवायचे, ती दगडी इमारत अजून आहे, मी बघून आले. ब्रिटिशांनी १८८२ मध्ये ही भरती थांबवली तोपर्यंत हजारो लोक आले आणि बहुतेकांना परत जाता आलं नाही. मी त्या पोरांना आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्यांबद्दल सांगितलं, बीडकडनं दिवाळीनंतर येणारे, आगाऊ उचल घेतलेले, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहणारे, लेकरं पण बरोबर. करार आणि उचल या दोन गोष्टी एक नाहीत हे मला कळतं, पण उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला असतो हे मी लहानपणापासनं दाराशी बघत आलेय. एका मुलानं विचारलं, मग त्यांची मुलं शाळेत जातात का? माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं. साखरशाळा असतात, असायच्या, काही जातात, बरीच नाही जात, असं खरं ते सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये मी सेंकियेमच्या, म्हणजे बारा वर्षांच्या वर्गासाठी सोप्या इंग्लिशमध्ये एक पानभर धडा लिहिला, एदमाँ आल्ब्यूसवर. हा शेजारच्याच सेंत-स्युझानचा. १८२९ चा जन्म, गुलाम, आडनाव नाही, कारण गुलामांना आडनाव नसायचं. व्हॅनिलाचे वेल बेटावर वीस वर्षं होते, फुलायचे, पण शेंग धरायची नाही, कारण मूळच्या मेक्सिकोत परागीकरण करणारी मधमाशी इथं नव्हती. १८४१ मध्ये, बारा वर्षांचा असताना, या मुलानं हातानं ते कसं करायचं हे शोधून काढलं, एक बारकी काडी आणि अंगठा, बस. आजही जगात व्हॅनिलाचं फूल साधारण त्याच पद्धतीनं हातानंच फळवतात. गुलामी संपल्यावर त्याला आल्ब्यूस आडनाव मिळालं, पैसा कधीच नाही मिळाला, १८८० मध्ये गरिबीतच गेला. मी वर्गात म्हटलं, ही वॉज ट्वेल्व्ह, लाइक यू. एकदम शांतता. मग ती पेरुमाल मुलगी हात वर न करता म्हणाली, मादाम, माझी आजी हे करते.

त्या शनिवारी सकाळी साडेसहाला मी तिच्या आजीच्या अंगणात होते. माझ्या खोलीपासनं दोनच गल्ल्या पलीकडं. आजीला सगळे मातांत म्हणतात, म्हणजे मावशी-आत्या जे काय ते, मी पण तेच म्हणायला लागले आणि ती मला मा फी, माझी पोरगी. सत्तरीची, काटक, डोक्याला टॉवेल. दारात छोटं देऊळ, त्यात मारीअम्मा, आणि घरात गेल्यावर कपाटावर मेरीची मूर्ती, दोघींना सकाळी एकाच उदबत्तीनं ओवाळायची. त्या बेटावर हे कुणाला वेगळं वाटत नाही. रस्त्याकडेला लाल रंगाच्या छोट्या घुमट्या असतात सेंत एक्स्पेदी या संताच्या, आपल्या शेंदूर लावलेल्या म्हसोबासारख्या, तिथं मालबार पण नवस बोलतात आणि ख्रिश्चन पण.

व्हॅनिलाचं फूल हिरवट पिवळं, दिसायला काही विशेष नाही. पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं, एकच दिवस, एकच सकाळ. मातांतच्या हातात लिंबाचा काटा होता. डाव्या हातात फूल धरलं, काट्यानं खालची पाकळी अलगद चिरली, आत एक बारीक पडदा असतो, परागकण आणि स्त्रीकेसर यांच्यामधला, तो काट्याच्या टोकानं वर उचलला आणि अंगठ्यानं हलकंच दाबलं. झालं, पुढचं फूल. मी मोजलं, एका फुलाला पाच सेकंदसुद्धा लागत नव्हते. मी विचारलं याला काय म्हणतात, तर म्हणाली, मार्ये. व्हॅनिलाचं लग्न लावायचं. आणि हे काम करणाऱ्या बायकांना मार्यझ म्हणतात, लग्न लावणाऱ्या. मी तिला म्हटलं, आमच्याकडं याच आठवड्यात तुळशीचं लग्न असतं. ती काटा हातात धरून थांबली. कुणाशी? मी म्हटलं विष्णूशी. नात लगेच ओरडली, पेरुमाल! मग मला मंगलाष्टकं म्हणून दाखवावी लागली, मला दोनच येतात, ती म्हटली, आणि तेवढ्यात मातांतनं काटा माझ्या हातात दिला.

माझी पहिली चार फुलं फाटली. पाचवं जमलं असं ती म्हणाली. फाटलेली सोडून त्या दिवशी मी बारा फुलं केली, आठवड्यानं जाऊन बघितलं तर नऊ धरली होती, देठ गळला नव्हता, खालची काडी लांबायला लागली होती. मी तोवर आयुष्यात पुष्कळ पेपर दिलेत पण निकालाला इतकी धडधड कधीच झाली नव्हती.

पैशाचं पण लिहिते, कारण जाणाऱ्यांना ते आधी कळायला हवं. पगार पुरतो, पण उरत नाही. बेटावर बहुतेक सगळं जहाजानं येतं, त्यामुळं दही, चीज, साबण सगळं महाग, स्थानिक भाजी घेतली तरच परवडतं. माझा पहिला पगार कागदपत्रं अडकल्यामुळं बराच उशिरा आला, बँकेत खातं उघडायला घरच्या पत्त्याचा पुरावा हवा आणि घर मिळायला बँकेचा कागद, या चक्रात पाच आठवडे गेले. घरनं निघताना दोन महिन्यांचे पैसे हातात असू द्या. मी बाबांकडनं घेतले, उसाचं बिल यायचं होतं तरी त्यांनी पाठवले. आणि व्हिसा रियुनियनचा असतो, तो शेंगेनचा नव्हे, त्यावर युरोप फिरता येत नाही, हे आधीच समजून घ्या.

डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत चार दिवस मॉरिशसला गेले. आपल्याला तिथं आधीपासनं व्हिसा काढावा लागत नाही. तिथं मराठी लोक आहेत हे माहीत होतं, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी विषय घेता येतो, पण समोर एक बाई उभी राहून "तुम्ही कुठल्या गावच्या?" असं विचारते तेव्हा काय होतं ते वेगळंच. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे. मराठी जुन्या वळणाची, मधे मधे क्रिओल. रियुनियनच्या माझ्या पोरांकडं आजीची भाषा पोचलीच नाही, देवळातले मंत्र तेवढे उरले, आणि इथं शंभर-दीडशे वर्षांनी मला कुणीतरी "या, बसा, जेवून जा" म्हणत होतं. मी त्यांच्या घरी अळूची भाजी खाल्ली.

परत आले आणि जानेवारीत बेलाल नावाचं चक्रीवादळ आलं. वादळाच्या इशाऱ्याचे तिथं टप्पे असतात, पिवळा, नारिंगी, लाल, आणि शेवटचा जांभळा, जांभळा लागला की कुणीच बाहेर पडायचं नाही, रुग्णवाहिकासुद्धा नाही. १४ तारखेला रविवारी रात्री लाल झाला, सोमवारी १५ ला पहाटे जांभळा. त्या दिवशी संक्रांत होती. मातांतनं आदल्या दिवशीच नातीला पाठवून मला घरी बोलावून घेतलं होतं, एकटी राहायचं नाही म्हणून. बादल्या, पातेली, आंघोळीचं टब, सगळं पाण्यानं भरून ठेवलं, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. वाऱ्याचा आवाज मी लिहू शकत नाही. पत्रा कुठंतरी उचकटत होता, एकसारखा. बॅटरीवरच्या रेडिओवर फ्रीडम नावाचं स्टेशन लावलेलं, त्यावर लोक फोन करतात, क्रिओलमध्ये, माझी आई अमुक गल्लीत एकटी आहे, शेजाऱ्यांपैकी कुणी ऐकत असेल तर तिला हाक मारा, आणि पाच मिनिटांनी दुसरा फोन, मी शेजारी बोलतोय, ती ठीक आहे. मी तीन महिन्यांत जेवढं क्रिओल शिकले होते ते सगळं त्या दिवशी कामाला आलं, कारण मला सगळं कळत होतं. मी घरनं आणलेले तिळाचे लाडू होते, ते वाटले, तिळगूळ घ्या गोड बोला याचं क्रिओल नातीनं करून दिलं.

या बेटाला पावसाचं नवल नाही. १९६६ च्या जानेवारीत फोक-फोक नावाच्या जागी एका दिवसात १८२५ मिलिमीटर पाऊस पडला होता, चोवीस तासांचा तो जगातला विक्रम आहे. आमच्या वाळव्यात दोन-तीन वर्षं मिळून एवढा पडत असेल. पण विक्रम ऐकणं आणि फळीच्या फटीतनं केळीची बाग आडवी होताना बघणं यात फरक आहे. दोन दिवस वीज नव्हती. बाहेर पडायची परवानगी मिळाल्या मिळाल्या मातांत चपला न घालता आधी वेलांकडं गेली. ऊस लोळला होता, पण ऊस उठतो, ते मला माहीत होतं. वेलाचा आधार मोडून पडला होता. आम्ही तिघींनी चिखलात बसून वेल सोडवला, परत बांधला. माझ्या नऊमधल्या चार शेंगा राहिल्या होत्या.

फेब्रुवारीनंतरचे दिवस भराभर गेले. मार्चमध्ये त्या गप्प मुलानं वर्गासमोर इंग्लिशमध्ये त्याच्या आजोबांच्या मालोयावर सांगितलं, ते रुलेर वाजवतात, मोठा ढोल, त्यावर घोड्यासारखं बसून. मालोया म्हणजे मुळात गुलामांचं गाणं, कितीतरी वर्षं दाबून ठेवलेलं, २००९ पासनं युनेस्कोच्या यादीत आहे. चार मिनिटं बोलला. ज्या शिक्षकांनी मला क्रिओल बंद ठेवायला सांगितलं होतं ते त्या दिवशी दारात उभे राहून ऐकत होते. नंतर मला काही म्हणाले नाहीत, फक्त त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून गेले.

निघायच्या आदल्या रविवारी मातांतकडं केळीच्या पानावर जेवण. जेवण झाल्यावर ती एक टाचणी घेऊन आली. तिथं व्हॅनिलाच्या शेंगा हिरव्या असतानाच त्यावर टाचणीनं टोचून खूण करतात, चोरी झाली तर ओळखता यावी म्हणून. माझ्या शेंगांवर माझी खूण असू दे म्हणाली. नातीनं टाचणी माझ्या हातातनं काढून घेतली, तिला माझ्या नावाचं अक्षर येत होतं, मीच शिकवलं होतं. जीभ बाहेर काढून, एकेक टोचा मारत तिनं चारही शेंगांवर देवनागरीतला 'स' काढला. काना जरा वाकडा आला.

शेंग पिकायला नऊ महिने लागतात. मी मेमध्ये घरी आले तेव्हा त्या हिरव्याच होत्या. ऑगस्टमध्ये मातांतनं काढल्या, गरम पाण्यात बुडवल्या, ब्लँकेटमध्ये गुंडाळून घाम काढला, मग उन्हात, मग सावलीत, आता लाकडी पेटीत आहेत आणि अजून कित्येक महिने तिथंच राहणार. परवा व्हॉट्सअॅपवर फोटो आला, आणि त्याच्यामागोमाग नातीचा आवाज, एका दमात, मधे एकदाही न अडखळता, "मॅडम, इट इज ब्राउन नाऊ, बट युवर लेटर इज स्टिल देअर."